टूरिंग सायकलला सस्पेन्शन फोर्क बसवताना

माझ्या पोलादी टूरिंग सायकलला मूळचा ताठ फोर्क (पुढचे चाक धरणारा, न दबणारा दुपायी भाग) आहे आणि कोकणातल्या किंवा घाटातल्या डांबरी रस्त्यांवर तो बदलावा असे मला कधीही वाटले नाही. मनालीहून ग्रांफू, छत्रू, बातल या मार्गाने हिमाचलातल्या स्पितीमधील काझाला जायचे ठरले, तेव्हा मात्र हादरे शोषणारा सस्पेन्शन फोर्क बसवण्याचा विचार करावा लागला. ग्रांफूच्या पुढचा बराचसा रस्ता म्हणजे नदीकाठचे गोटे, सैल खडी आणि आडवे येणारे नाले. दिवसभर अशा वाटेवर हादरे खाल्लेल्या हातांना संध्याकाळी ब्रेक दाबणेही जड जाते.

दुकानांत चौकशी केली तेव्हा चाकाचे माप, ब्रेकचा प्रकार आणि स्टीअरर नळीचा (फोर्कची फ्रेममध्ये शिरणारी वरची नळी) व्यास हे प्रश्न सर्वांनी विचारले. ते योग्यच होते, कारण माझ्या फ्रेममध्ये २८.६ मिमीची सरळ नळीच बसते आणि हल्लीचे बहुतेक चांगले फोर्क खाली रुंद होत जाणाऱ्या नळीचे असतात. पण फोर्कची लांबी, म्हणजे चाकाच्या एक्सलच्या मध्यापासून वर क्राउन रेस (फोर्कच्या माथ्यावरची बेअरिंगची कडी) बसते तिथपर्यंतचे अंतर, कोणीही विचारले नाही आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे माप तेच आहे. जुना फोर्क ३९५ मिमी भरला, तर ६३ मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा) नवा ४५५ मिमी. माझ्या आणि सामानाच्या वजनाने तो १५ मिमी दबतो असे धरले, तरी सायकलचे तोंड ४५ मिमी वर उचलले जाते. साधारण २० मिमी उंचीमागे हेड ट्यूबचा (फ्रेमची पुढची नळी, जिच्यात स्टीअरर फिरतो) कोन एक अंशाने कलतो, त्यामुळे ७२ अंशांचा कोन सत्तरच्याही खाली आला, ट्रेल (स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला मिळतो तिथून चाक टेकते तिथपर्यंतचे अंतर) सुमारे १५ मिमीने वाढला, पेडलांचा अक्ष जवळजवळ दोन सेंटिमीटर वर गेला आणि सीटचे नाक आकाशाकडे वळले. सीट पुन्हा सपाट करता येते, हँडल धरणाऱ्या स्टेमखालच्या रिंगा काढून हँडलही खाली घेता येते, पण कोन बदलता येत नाही. उतारावर सायकल अधिक स्थिर वाटते हे खरे, मात्र चढावर पायी चालण्याच्या वेगाने जाताना पुढचे चाक सतत एका बाजूला कलंडू पाहते.

१०० मिमी ट्रॅव्हलचा फोर्क मी याच कारणाने नाकारला. शिवाय लांब फोर्क हा लांब तरफेसारखा असतो आणि प्रत्येक हादऱ्याचा ताण हेड ट्यूब व तिच्यापासून पेडलांकडे उतरणाऱ्या डाउन ट्यूबच्या सांध्यावर येतो, म्हणून फ्रेमच्या उत्पादकाने किती लांबीपर्यंत परवानगी दिली आहे हे पाहिल्याशिवाय असा फोर्क बसवूच नये.

खरी अडचण सामानाची झाली. जुन्या फोर्कला पुढच्या कॅरिअरसाठी आटे पाडलेली छिद्रे होती, नव्याला एकही नव्हते. खालच्या सरकत्या पायांना पट्ट्यांनी कॅरिअर आवळला, तर त्यावरचे सगळे वजन चाकाबरोबर वरखाली होते आणि सस्पेन्शनचा निम्मा उपयोग तिथेच संपतो. हे ठाऊक असूनही मी दोन लहान पिशव्या तशाच बांधल्या, आणि छत्रूच्या अलीकडे एक पट्टी घसरून कॅरिअर ब्रेकच्या केबलला घासू लागला. तेव्हापासून पुढे फक्त हँडलची पिशवी, तीही झोपण्याच्या पिशवीसारख्या हलक्या वस्तूंची, आणि बाकीचे सामान मागे, अशी विभागणी मी कायम ठेवली.

फोर्कमधल्या हवेचा दाब मी पुण्यात, सामान लादून आणि स्वतः बसूनच ठरवला होता. रिकाम्या सायकलवर ठरवलेला दाब प्रवासात कमी पडतो आणि फोर्क प्रत्येक दगडावर तळाला आपटतो. चांगल्या डांबरावर चढताना लॉकआउट (फोर्क दबू न देणारा खटका) लावून ठेवला, गोट्यांवर उघडला, आणि रोज संध्याकाळी फोर्कच्या सरकत्या नळ्यांभोवतीच्या सीलवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली.

परत आल्यावर फोर्कचे खालचे पाय उघडले तेव्हा तेल राखाडी झाले होते आणि फोमच्या कड्यांत बारीक वाळू होती. ते स्वच्छ करून, नवे तेल भरून तो फोर्क मी गुंडाळून ठेवला आहे. सायकलला पुन्हा जुना ताठ फोर्क लावला असून पुढच्या कॅरिअरसह ती रेवस ते रेडी या किनारी रस्त्यासाठी तयार आहे.