सोलचा चांगदोकगुंग : अर्धा दिवस राखून ठेवा

सोलला जाणारी आपली बहुतेक मंडळी ग्योंगबोकगुंग बघतात, हानबोक (तिथला पारंपरिक पोशाख) घालून फोटो काढतात आणि राजवाडा बघून झाला म्हणून बाजाराकडे वळतात. आम्हीही पहिल्या दिवशी तेच केलं. मी आणि माझ्या सासूबाई, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, झाडं लाल-पिवळी झालेली. पण मनात राहिलाय तो दुसरा राजवाडा, चांगदोकगुंग. तुमच्याकडे एकाच राजवाड्यापुरता वेळ असेल, तर मी हाच बघा म्हणेन.

ग्योंगबोकगुंग थोरला, १३९५ सालचा. चांगदोकगुंग १४०५चा. १५९२च्या जपानी स्वारीच्या वेळी दोन्ही जळाले. धाकटा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा उभा राहिला. थोरला मात्र १८६७ पर्यंत, म्हणजे पावणेतीनशे वर्षं, उजाड पडून होता. एवढा सगळा काळ जोसन घराण्याच्या राजांचा संसार आणि कारभार चालला तो चांगदोकगुंगमधूनच. १९९७ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

आता आमची चूक सांगते. आम्ही अकरा वाजता पोचलो आणि मागच्या उद्यानाची, हुवोनची, त्या दिवसाची तिकिटं संपलेली होती. राजवाड्याचं तिकीट वेगळं आणि हुवोनचं वेगळं. आम्ही गेलो तेव्हा ३,००० आणि ५,००० वोन होती. हुवोनमध्ये ठरलेल्या वेळेला, मोजक्याच लोकांना सोडतात. ऑनलाइन आरक्षण सहा दिवस आधी तिथल्या सकाळी १० वाजता उघडतं, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेसहाला. गजर लावून बसा. नाहीच मिळालं तर काही तिकिटं त्या दिवशी खिडकीवर मिळतात, त्यासाठी नऊच्या आधी रांगेत हवं. आम्ही दुसऱ्या दिवशी साडेआठला जाऊन उभ्या राहिलो आणि इंग्रजी फेरीची दोन तिकिटं मिळाली. सोमवारी राजवाडा बंद असतो (ग्योंगबोकगुंग मंगळवारी). हानबोक घालून गेलात तर राजवाड्याचं तिकीट माफ, हुवोनचं मात्र काढावं लागतं.

जायचं कसं, तर मेट्रोच्या ३ नंबर लाइनवर आंगुक स्टेशन, ३ नंबरच्या दारातून बाहेर, तिथून पाच मिनिटं चालत. कोरियात गूगल मॅप्सवर पायी रस्ता नीट मिळत नाही; नेव्हर मॅप (Naver Map) हे तिथलं ॲप आधीच डाउनलोड करून ठेवा.

दोनह्वामुन दरवाज्यातून आत गेल्यावर समोर सिंहासन दिसेल असं वाटतं, पण दिसत नाही. वाट उजवीकडे वळते, १४११ सालच्या दगडी पुलावरून जाते, मग पुन्हा वळते. इथे डोंगर सपाट करून सरळ रेषेत दालनं मांडलेली नाहीत. उताराला जशी जागा मिळाली तशा इमारती बसवल्या आहेत.

पुण्यात वाढल्यामुळे १८२८च्या आगीनंतर उरलेली शनिवारवाड्याची जोतीच मी बघत आलेय. त्यामुळे लाकडाचा राजवाडा म्हटलं की माझा पहिला विचार आगीचा. आणि चांगदोकगुंगमध्ये आग शोधत फिरलं की जागा बोलायला लागते. इन्जोंगजोन हे सिंहासनाचं दालन १८०३ मध्ये जळालं आणि पुढच्याच वर्षी पुन्हा बांधलं. अंगणात दरबाऱ्यांनी कुठे उभं राहायचं ते सांगणारे हुद्द्यांचे दगड रांगेत रोवलेत. आत डोकावलं तर रंगवलेल्या छताखाली विजेचे दिवे लटकताना दिसतात. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, शेवटचा सम्राट सुनजोंग इथे राहायला आला तेव्हाचे. पुढचं हुइजोंगदांग, म्हणजे राजाच्या वावराचं दालन, १९१७च्या आगीत गेलं. १९२० मध्ये ते पुन्हा उभारलं, ते ग्योंगबोकगुंगमधलं राजाचं शयनगृह उतरवून, त्याचंच लाकूड इथे आणून. त्याच्या दाराशी मोटार उभी करायला पोर्च आहे. एक राजवाडा मोडून दुसरा सावरला, तोही जपानी राजवटीत. हे कळल्यावर त्या खांबांसमोरून पटकन पुढे जाववत नाही.

सासूबाई मात्र जमिनीलगतची काळी तोंडं बघत होत्या. ती ओंदोलची चूल. जोत्यात जाळ करायचा, धूर आणि धग खोलीच्या फरशीखालून फिरवायची आणि मागच्या धुराड्यातून बाहेर सोडायची. "म्हणजे आख्खं घरच चुलीवर ठेवलंय की गं!" त्या म्हणाल्या. त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते मला फलक वाचूनही इतकं उमगलं नव्हतं.

हुवोन म्हणजे राजवाड्याच्या आवारातला जवळजवळ ६० टक्के भाग. चढउतार भरपूर. गुडघे दुखत असतील तर काठी घ्या, बूट घाला आणि स्वच्छतागृहात आधीच जाऊन या. बुयोंगजी हे चौकोनी तळं, मधे गोल बेट: जुन्या समजुतीप्रमाणे पृथ्वी चौकोनी, आकाश गोल. वरच्या बाजूला जोंगजो राजाने १७७६ मध्ये बांधलेलं ग्रंथालय. तिकडे जाणाऱ्या दरवाज्याचं नाव ओसुमुन, म्हणजे मासा आणि पाणी. पाण्यावाचून मासा जगत नाही, हे राजा आणि प्रजा दोघांनाही लागू.

अगदी आत गेल्यावर चोंगुइजोंग नावाचा छोटा मंडप लागतो. बाकी सगळीकडे कौलं, याच्यावर गवती छप्पर. समोर कोकणातल्या खाचराच्या तुकड्याएवढं भाताचं शेत. राजा इथे स्वतः लावणी करायचा आणि कापणीनंतर त्याच पेंढ्याने छप्पर शाकारायचे. आम्ही गेलो तेव्हा कापणी झालेली होती, खुंट तेवढे उभे होते. सासूबाई तिथून हलेनात. गाइडबाई थांबल्या, हसून त्यांना शेताच्या कडेपर्यंत घेऊन गेल्या.

शाकाहारी असाल तर आंगुकच्या गल्ल्यांत बिबिम्बाप (भाज्या घातलेला भात) मिळतो. "गोगी प्पे जुसेयो" (मांस काढा) एवढं सांगता आलं तरी काम होतं. सोबतच्या सूपमध्ये मात्र बहुतेकदा सुक्या मासळीचा अर्क असतो, तेव्हा आधी विचारा.

परतताना नाकसोनजे चुकवू नका. बरेच लोक दमून थेट बाहेर पडतात. १८४७ मध्ये होनजोंग राजाने बांधलेलं हे घर, एक थेंबही रंग न लावलेलं. खिडक्यांच्या जाळ्या प्रत्येक दाराला निराळ्या. उंच ओटीखाली वाकून बघा. चूल झाकणाऱ्या भिंतीवर तडकलेल्या बर्फाची नक्षी आहे. आगीच्या तोंडाशी बर्फ, घर जळू नये म्हणून. १९८९ पर्यंत इथे माणसं राहत होती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सम्राट सुनजोंगची सावत्र बहीण, राजकन्या दोकहे गेली आणि नऊ दिवसांनी तिची वहिनी यी बांगजा. आम्ही पोचलो तेव्हा बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती, अंगणात आणखी कुणी नव्हतं. सासूबाई पायरीवर बसून राहिल्या आणि पहारेकरी येऊन "वेळ झाली" म्हणेपर्यंत आम्ही दोघीही उठलो नाही.