एरीकाठच्या कोंबड्यांचा हिवाळा

कोंबडीला थंडी सोसते, ओल सोसत नाही. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या बफेलो शहरात कोंबड्या पाळणारं कुणीही तुम्हाला आधी हेच सांगेल. आत्याचा फोन आला की तिचा प्रश्न ठरलेला: "अगं, उणे पंधरात त्या बिचाऱ्यांना हीटर तरी लावलास का?" नाही लावला, आत्या, आणि लावणारही नाही.

कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं. पिसं फुलवली की त्यांत हवा अडकते आणि ऊब टिकते. आमच्या खुराड्यात बसायला गोल दांडी नाही, चार इंच रुंद सपाट फळी आहे. तिच्यावर बसल्या की पायांची बोटं पोटाच्या पिसांखाली पूर्ण झाकली जातात. जपायचा असतो तो तुरा. रात्रभर श्वासातून आणि विष्ठेतून निघणारी वाफ बंद खुराड्यात कोंडली की तुऱ्यावर बसते, गोठते, आणि तुऱ्याची टोकं काळी पडतात. म्हणून कडाक्याच्या रात्रीही छपरालगतच्या झडपा उघड्या ठेवायच्या, फक्त झोत थेट अंगावर येऊ द्यायचा नाही. खाली लाकडाच्या भुशाची जाड गादी, आपले पोल्ट्रीवाले करतात तशीच. आत वाकल्यावर नाकाला अमोनिया झोंबला तर समजायचं, हवा कमी पडतेय. उष्णतेच्या दिव्याने भुसा पेटायची भीती असते, आणि वादळात वीज गेली की उबेला सोकावलेल्या कोंबड्या एकदम गारठ्यात पडतात.

बाहेरच्या हवेतली ओल येते मुख्यतः एरी तळ्यामुळे. तळं म्हणायचं, पण एरीची लांबी सुमारे 388 किलोमीटर, मुंबई-कोल्हापूर रस्त्याइतकी. बफेलो त्याच्या पूर्व टोकाला. नोव्हेंबरात पाणी अजून कोमट असतं, त्यावरून कॅनडाकडची गार हवा वाहते, वाफ उचलते आणि किनाऱ्यावर आली की बर्फ ओतते. पट्टा फार अरुंद असतो. नोव्हेंबर 2022 मध्ये शहराच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग भागात दोन मीटर बर्फ पडला, उत्तरेकडच्या उपनगरांत त्यामानाने किरकोळ. त्याच वर्षी नाताळात आलेल्या हिमवादळात इथे चाळीसहून अधिक माणसं दगावली. अशा वाऱ्यात परसापर्यंत जाणंही जिवावरचं. म्हणून तसा इशारा आला की आमच्या कोंबड्या आदल्या दिवशीच गॅरेजमध्ये, कुत्र्याच्या मोठ्या पिंजऱ्यात मुक्कामाला येतात.

उत्तर अमेरिकेतल्या पाच महातळ्यांत एरी सर्वांत उथळ, त्यामुळे गोठतंही लवकर. एकदा वर बर्फ धरला की वाफ थांबते, हिमवर्षाव ओसरतो, हवा कोरडी होते. पारा आणखी खाली उतरतो आणि तरी कोंबड्या टवटवीत दिसतात! जानेवारी लागला की मी तळ्याच्या बर्फाचा नकाशा रोज बघते तो त्यांच्यासाठी. 2023-24 च्या हिवाळ्यात एरी जवळजवळ उघडंच राहिलं होतं. असे हिवाळे वाढले तर आम्हाला भुसा जास्त लागेल आणि काळजीही.

रोजचं काम तसं थोडं. पाणी रबरी घमेल्यात ठेवायचं, म्हणजे गोठल्यावर उपडं करून आपटलं की बर्फाची चकती सुटून पडते. जाळीच्या छतावरचा बर्फ वेळच्या वेळी झाडायचा, नाहीतर भाराने सगळं खाली येतं. ताज्या बर्फावर कोंबडी पाय ठेवायला तयार नसते, म्हणून दारापुढे पेंढा पसरायचा. संध्याकाळी मूठभर भरडलेला मका. अंडी लगेच उचलायची, गोठली की तडकतात. अर्थात डिसेंबरात अंडी मोजकीच, कारण दिवस जेमतेम नऊ तासांचा आणि भरपूर अंड्यांसाठी उजेड हवा चौदा तासांच्या वर. काही जण दिवा लावून दिवस लांबवतात. मला ते पटत नाही. पिसं झडून नवी आलेली असतात, त्यांना विसावा मिळू दे.

शहराने 2009 साली परवाना काढून पाच कोंबड्या पाळायची मुभा दिली. कोंबडा मात्र चालत नाही. त्यामुळे नवी पिल्लं बाहेरूनच आणावी लागतात. अमेरिकेचं टपाल खातं 1918 पासून एक दिवसाची पिल्लं खोक्यातून पोचवतं, हे आत्याला अजून खरं वाटत नाही. येत्या वसंतात शाँतक्लेर जातीची मागवणार आहे. क्वेबेकमधल्या ओका मठातल्या एका साधूने ही जात तिथल्या हिवाळ्यासाठीच तयार केली. तिचा तुरा इतका बारीक असतो की गोठायला फारसं काही उरतच नाही.