आर्डव्रेक : लॉक असिंट या तळ्याच्या काठावरची पडकी गढी

स्कॉटलंडच्या उत्तरेला गाडीने फिरणारे बहुतेक लोक आर्डव्रेकला फोटोपुरते थांबतात आणि पुढे निघतात. निदान तासभर तरी द्या, आणि जाण्याआधी इतिहास वाचून घ्या. तो ठाऊक नसेल तर दिसतो फक्त एक मोडका बुरूज आणि चार भिंती.

असिंट भागातल्या मॅकलाउड घराण्याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे घर बांधलं. आपल्याकडची देशमुखांची गढी असते तसंच, राहायचं घर आणि लढायची जागा एकच. तळाशी कमानी छताच्या कोठड्या, वर राहण्याचे मजले. कोपऱ्यातला जिन्याचा बुरूज मात्र नीट बघा. खाली गोल आणि वर जाऊन चौकोनी! त्या चौकोनाला आधार देणारे पुढे काढलेले दगड अजून जागेवर आहेत.

आता १६५०. राजा दुसऱ्या चार्ल्सच्या बाजूने लढणारा मॉन्ट्रोजचा मार्क्विस (हा उमरावाचा किताब) २७ एप्रिलला कार्बिसडेलच्या लढाईत सपाटून हरला आणि उपाशीपोटी डोंगरांत भटकत असिंटमध्ये आला. इथल्या नील मॅकलाउडने त्याला पकडून याच घरात ठेवलं आणि राजाच्या विरोधकांच्या हाती असलेल्या स्कॉटिश सरकारच्या हवाली केलं. २१ मे रोजी एडिनबरात त्याला फाशी झाली आणि त्याचं मुंडकं ११ वर्षं तुरुंगाच्या इमारतीवर टांगलेलं राहिलं. ज्याच्यासाठी तो लढला त्या चार्ल्सने मधल्या काळात विरोधकांशीच तह केला होता! पुढे गादी मिळाल्यावर १६६१ मध्ये त्याच राजाच्या अमदानीत मॉन्ट्रोजचा थाटात दफनविधी झाला.

आसऱ्याला आलेल्याला विकलं, हा डाग नीलच्या नावावर कायमचा बसला. नील त्या वेळी घरी नव्हता, त्याच्या बायकोनेच पाहुण्याला कोठडीत फसवून नेलं, असंही सांगतात. पण अशा गोष्टींत बायकोवर ढकलणं फार सोपं असतं, म्हणून मी ती जपूनच ऐकते. १६७२ मध्ये मॅकेंझी या दुसऱ्या घराण्याने वेढा घालून आर्डव्रेक घेतलं आणि मॅकलाउडांची सत्ता संपली.

सैतानाला दिलेली मुलगी आणि तळ्यातली जलपरी या दंतकथाही तुमच्या कानावर येतील. मला त्यापेक्षा शेजारचं काल्डा हाऊस जास्त बोलकं वाटलं. मॅकेंझींना जुन्या अंधाऱ्या गढीत राहायचं नव्हतं, म्हणून त्यांनी १७२६ मध्ये मोठ्या खिडक्यांचं हे प्रशस्त घर बांधलं. १७३७ मध्ये ते जळालं. १७९५ मध्ये आर्डव्रेकवर वीज पडली. आज दोन्ही वास्तू बिनछपराच्या, एकमेकींपासून चालत काही मिनिटांवर. काल्डा चुकवू नका, बरेच जण ते न पाहताच परततात.

अलापूल गावाहून आर्डव्रेक साधारण ४० किलोमीटर. ए-८३५ रस्त्याने लेडमोरच्या फाट्यापर्यंत जा, तिथे डावीकडे ए-८३७ धरा. इंचनाडॅम्फ ही वस्ती मागे टाकली की थोड्याच वेळात डाव्या हाताला पाण्यात घुसलेल्या जिभेसारख्या जमिनीवर अवशेष दिसतात. रस्त्यालगत गाडी लावायची जागा आहे. तिकीट नाही. पेट्रोल आणि खाणं अलापूललाच उरका, आणि हो, शौचालयाचंही तिथेच बघा. काठाची वाट दगडगोट्यांची, पावसानंतर चिखलाची, त्यामुळे पकड असलेले बूट हवेत. तळ्याचं पाणी चढलं की वाट पाण्याखाली जाते, तेव्हा काठावरूनच बघा. भिंती खिळखिळ्या आहेत, मुलांना वर चढू देऊ नका.

जून ते ऑगस्टमध्ये वारा पडला की मिजेस नावाची बारीक चिलटं जीव नकोसा करतात. डोक्यावरून घ्यायची जाळी अलापूलमध्येच घ्या. आम्ही वाऱ्याच्या दिवशी गेलो, कान बधिर झाले पण चिलट एकही नाही. हातात अर्धा दिवस असेल तर इंचनाडॅम्फच्या दक्षिणेला हाडांच्या गुहा आहेत. तिथे अस्वल, रेनडिअर आणि लिंक्स या रानमांजराची प्राचीन हाडं सापडली आहेत. चढ सोपा आहे, पण जाऊन-येऊन दीड-दोन तास धरा.