‘सतरा नंबर’ म्हणजे कोणती पलटण?

लालबागच्या आमच्या खोलीत, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांची वही सापडली. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले आणि शैबाच्या लढाईत जखमी होऊन परतले, एवढंच घरात ठाऊक होतं. वही मोडीत. मोडी शिकायला सहा महिने गेले, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती ज्या कचेरीत त्यांच्या नोंदीसाठी अर्ज केला तिच्याबद्दल. ‘पलटणीचे नाव’ हा रकाना भरल्याशिवाय तिथे अर्ज घेतच नाहीत. वहीत पलटणीचं नाव नाही, नुसतं ‘सतरा नंबर’. मी तेच लिहिलं. दीड महिन्यानं अर्ज परत आला: पहिल्या महायुद्धात या नंबरची मराठा पलटण नव्हती. खिडकीवरच्या बाईंपुढे वहीचा फोटो धरला, तर त्यांनी मान वरही केली नाही. “रकाना नीट भरून आणा.” अहो, पलटण माहीत असती तर तुमच्या दारात कशाला आले असते? पुढच्या वेळी अंदाजानं ‘117’ लिहिलं, तर म्हणे अशी पलटण आज नाही. तीन खेपा, तिन्ही वेळा अर्ध्या दिवसाची रजा. अजून आठवलं की डोकं तापतं.

117 चा अंदाज कुठून आला ते सांगते. 1903 साली मुंबई फौजेच्या पायदळ पलटणींच्या नंबरांत शंभर मिळवले गेले. तिसरीची 103 झाली, दहावीची 110, सतरावीची 117. पणजोबा त्याआधीचे भरती, त्यांच्या तोंडी जुनाच नंबर बसलेला असणार. पण मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 17 वी ब्रिगेडही (ब्रिगेड म्हणजे काही पलटणींचा गट) होती आणि तिच्यात 103 मराठा! मग ‘सतरा’ नक्की कुठला?

वहीत पुढे ‘दिलमन साहेब’ आहेत. मी तीन महिने सुभेदार-जमादारांच्या याद्यांत दिलमन शोधत बसले. मोडीत ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि परकं नाव शिपायाच्या कानावर जसं पडलं तसं उतरतं, हे तेव्हा सुचलंच नाही. म्हणून सांगते, साहेबाच्या नावामागे आधी धावू नका. शेजारी कोणती गोरी पलटण होती ते बघा. त्याच पानावर ‘डारसट गोरे’ होते. म्हणजे डॉर्सेट रेजिमेंटची दुसरी बटालियन! ती 16 व्या ब्रिगेडमध्ये, 117 मराठाही तिथेच, आणि ब्रिगेडियर डेलामेन, म्हणजेच वहीतले ‘दिलमन साहेब’. 17 व्या ब्रिगेडमधले गोरे होते ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फंट्रीचे. त्या रात्री मी बाबांना झोपेतून उठवलं.

चौथ्या खेपेला रकान्यात लिहिलं: पूर्वीची 117 मराठा, 1922 नंतर 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीची 5 वी बटालियन. तुम्हीही जुना आणि नवा, दोन्ही नंबर लिहा. अर्ज घेतला गेला. पाच महिन्यांनी पत्र आलं: हवालदार, 117 मराठा, शैबा, एप्रिल 1915. बाबांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि लगेच आत्याला फोन लावला.

एक राहिलंच. मूळ वही कुठल्याही खिडकीवर देऊ नका. दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचे फोटो काढा, कोरी पानंसुद्धा. आमच्या वहीतले ‘डारसट’ मला फोटो मोठा केल्यावरच वाचता आले.