रेस सोडली की वळण संपते

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे इंजिन दुरुस्तीचे वर्कशॉप आहे. २०१९ च्या महापुरानंतर बचावकार्यातील रबरी बोटींची ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बसवायची इंजिने, आमच्याकडे देखभालीसाठी येऊ लागली आणि पाण्यावरच्या यंत्रांशी परिचय झाला. त्या परिचयामुळेच गेल्या उन्हाळ्यात एक तरुण बागायतदार आपली नवीकोरी जेट स्की, म्हणजे पाण्यावर पळवायची गाडी, टेंपोत घालून माझ्याकडे आले. तारकर्लीला नेण्यापूर्वी ती व्यवस्थित सुरू करून द्यावी आणि चालवायला शिकतानाही मी सोबत असावे, अशी त्यांची इच्छा होती.

गाडी यामाहाची सुपरजेट होती. ती बसून नव्हे, तर उभे राहून चालवायची असते. तिला आसनच नसते. पुढून बिजागरीवर वरखाली होणारा दांडा, त्याच्या टोकाला हँडल आणि मागे पाय ठेवण्यापुरता खोलगट पाट, एवढाच तिचा पसारा. २०२१ पासून या गाडीला तीन सिलिंडरचे, १०४९ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन बसवले जाते आणि तिचे वजन सुमारे १७० किलो भरते. मालक डर्ट ट्रॅकवर मोटारसायकल पळवणारे असल्यामुळे त्यांचा आत्मविश्वास दांडगा होता. "मिस्त्री, मी गाडी हवेत उडवतोय, ह्यात काय अवघड असतंय वो?" असे त्यांनी येतानाच विचारले.

पहिली खबरदारी वर्कशॉपमध्येच घ्यावी लागली. आमच्या पोराने सवयीप्रमाणे आधी नळीचे पाणी सोडायला घेतले. ओबीएमला तेच बरोबर असते, कारण त्याच्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा कोरडा फिरला की जळतो. जेट स्कीचा क्रम मात्र नेमका उलटा आहे. तिच्या इंजिनाला थंड करणारे पाणी मागच्या जेट पंपाच्या, म्हणजे पाण्याचा झोत मागे फेकून गाडी पुढे ढकलणाऱ्या पंपाच्या, दाबाने येते. इंजिन बंद असताना नळीने पाणी सोडले, तर एक्झॉस्टचा दाब नसल्यामुळे ते बाहेर न पडता सायलेन्सरमध्ये साठते आणि तेथून सिलिंडरमध्ये शिरू शकते. म्हणून आधी इंजिन सुरू करायचे, लगेच पाणी सोडायचे. थांबवताना आधी पाणी बंद करायचे, थोडी रेस देऊन आतले पाणी बाहेर काढायचे आणि मगच इंजिन बंद करायचे. पाण्याशिवाय ते पंधरा सेकंदांहून अधिक चालवायचे नसते. हा क्रम मी पोराकडून आणि मालकांकडूनही म्हणवून घेतला.

जागेचा प्रश्न त्याहून अवघड होता. मालकांच्या मनात स्वतःचे शेततळे होते, परंतु तेथे गाडी वळवण्याइतकी जागा नव्हती आणि प्लास्टिकच्या कागदावरून ओल्या अंगाने काठावर चढताना भलेभले घसरतात. पंचगंगेत जलपर्णी, शिवाय आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांजवळ असले यंत्र नेणे म्हणजे निव्वळ वेडेपणा. रंकाळ्याचे तर नावच काढायला नको होते. शेवटी पाटबंधारे खात्याची परवानगी काढून आम्ही जिल्ह्यातल्या एका जलाशयावर गेलो.

तेथे पोहोचल्यावर मालक हाफ पँटवर पाण्यात उतरू लागले, तेव्हा मी त्यांना मागच्या बाजूचे इशाऱ्याचे स्टिकर वाचायला लावले. या गाडीवरून माणूस मागे पडला आणि नेमका पाण्याच्या झोतासमोर आला, तर दाबाचे पाणी शरीराच्या खालच्या भागातून आत शिरून आतड्यांना गंभीर इजा होऊ शकते. म्हणून रबरी वेटसूट घालणे आवश्यक असते. ते हसले, पण वाचून झाल्यावर निमूटपणे वेटसूट चढवून आले. लाइफ जॅकेट घातले आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधली. माणूस पडला की ही दोरी खटक्यातून निघते आणि इंजिन थांबते.

नव्या इंजिनाला सुरुवातीला संथ चालवावे लागते, म्हणून पहिला काही वेळ मालकांनी पाटावर छाती टेकून, पाय पाण्यात सोडून फेऱ्या मारल्या. मग गुडघे वर घेतले. मोटारसायकलवाल्याला येथेच पहिला चकवा बसतो, कारण वेग कमी असताना ही गाडी सर्वाधिक डगमगते आणि पाण्यावर उचलली गेली की स्थिर होते. घाबरून हळू जाणारा पडतोच. मालकही पडले, पुन्हा चढले, पुन्हा पडले. दंडाच्या ताकदीने हँडल ओढणे त्यांनी सोडले, गुडघे मोकळे ठेवले, गाडीच्या नाकाकडे न पाहता लांब नजर ठेवली, आणि मग एक पाय, पाठोपाठ दुसरा पाय टेकवून ते खरोखर उभे राहिले.

उभे राहिल्याच्या आनंदात ते ठरवलेल्या हद्दीबाहेर गेले. समोर मासेमारीच्या जाळ्यावरचे थर्मोकोलचे तुकडे दिसताच त्यांनी रेस सोडली आणि हँडल वळवले. मोटारसायकलवर कोणीही हेच करील. परंतु या गाडीला सुकाणू नाही आणि ब्रेकही नाही. हँडलने वळते ती फक्त मागची तोटी. झोत असेल तर गाडी वळते, झोत नसेल तर हँडल कितीही फिरवा, ती आहे त्याच दिशेने सरकत राहते. गाडी सरळ जाळ्यावर गेली. तिला क्लच किंवा न्यूट्रल नसल्यामुळे इंजिन चालू असेपर्यंत पंपाचा पंखा फिरतच असतो, आणि त्याने जाळ्याची दोरी आत ओढली. त्याच क्षणी मालक कोलमडले, मनगटाची दोरी खटक्यातून निघाली आणि इंजिन बंद पडले.

मी तराफ्यावरून तेथे पोहोचलो. इंजिन बंद असल्याची खात्री करून आम्ही गाडी कुशीवर कलती केली, तीही स्टिकरवरच्या बाणाच्याच दिशेने, कारण उलट दिशेने फिरवल्यास सायलेन्सरमधले पाणी इंजिनात जाऊ शकते. गाडीच्या तळाशी पंपाच्या तोंडावर असलेल्या जाळीत अडकलेली दोरी चाकूने कापून काढली. पंख्याला काही झाले नव्हते. जाळ्याचा मालक काठावरच होता. त्याने मनसोक्त शिव्या दिल्या, त्या आम्ही ऐकून घेतल्या आणि नुकसानभरपाई दिली.

त्यानंतर मी तेलाचा रिकामा कॅन दगडाला बांधून खोल, मोकळ्या पाण्यात सोडला आणि मालकांना पुरेशा अंतरावरून त्याच्याकडे जाऊन रेस कायम ठेवून वळायला सांगितले. सुरुवातीला त्यांचे बोट रेसच्या खटक्यावरून आपोआप सुटत होते आणि कॅन गाडीखाली जात होता. उन्हे उतरेपर्यंत मात्र ते कॅनला बगल देऊ लागले. माझ्या मते हा सराव उभे राहण्याआधी, गुडघ्यांवर असतानाच करून घेतला पाहिजे, आणि आता माझ्याकडे येणाऱ्याला मी तसाच शिकवतो.

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये मालकांनी स्वतः गाडी धुतली. आधी इंजिन, मग पाणी. पहिली सर्व्हिसिंग दहा तासांनी, तोपर्यंत पूर्ण रेस द्यायची नाही, आणि समुद्रात उतरवल्यावर रोज गोड्या पाण्याने आतून धुवायची, असे मी वहीत लिहून दिले. "रविवारी तारकर्लीला नेऊ का?" असे त्यांनी विचारले. दहा तास याच जलाशयावर पूर्ण करा आणि ती वही दाखवायला या, असे मी सांगितले.