ओहोटीनंतरची खाडी
ऐरोलीच्या खाडीकिनारी ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेली तिवरांची श्वसनमुळे दिसायला हवीत; गेल्या रविवारी मला मात्र त्यांच्यात अडकलेल्या पिशव्या, थर्माकोल आणि निर्माल्याची प्लास्टिकमध्ये बांधलेली गाठोडीच आधी दिसली. ही मुळे हवेतून प्राणवायू घेतात, त्यामुळे त्यांच्यावर प्लास्टिकचा थर बसला, की झाड गुदमरू लागते आणि त्याच्या आश्रयाने वाढणारी कोळंबी व खेकडेही संकटात येतात. (निर्माल्य पाण्यातच सोडावे, असा आग्रह आमच्या घरातही आहे, पिशवी कोणत्या शास्त्रात बसते, हे कोणी सांगत नाही.)

ओहोटीबरोबर यातील बराच कचरा अरबी समुद्राकडे जातो. ऊन आणि लाटांमुळे प्लास्टिकचे बारीक कण होतात, परंतु ते नाहीसे होत नाहीत. मासे ते गिळतात. १९७२ च्या लंडन कराराने जहाजांतून समुद्रात कचरा टाकण्यावर निर्बंध आणले. नाल्यांतून वाहत येणारा कचरा मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

२०१५ साली रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी अभयारण्य झालेली आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली ठाणे खाडी ती हीच. रोहित येथे चोच उलटी धरून चिखलपाण्यातून शेवाळ गाळून खातो, आणि त्या गाळणीतून प्लास्टिकचे कण वेगळे काढणे त्याला शक्य नसते.