सहावा दाणा

"मॅडम, मला तर हाताला काहीच लागत नाही. मग डॉक्टर कापणार तरी काय?"

मॅमोग्राफीच्या खोलीत ताईंनी हे विचारलं तेव्हा सकाळचे आठ वाजत होते. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, अकरा वाजता ऑपरेशन, आणि त्याआधी मी त्यांच्या स्तनात एक तार टाकून ठेवणार होते. प्रश्न अगदी रास्त होता. त्यांच्या सर्जनच्याही हाताला काही लागलं नव्हतं आणि माझ्याही. जे होतं ते फक्त मॅमोग्रामवर, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेवर. चिमूटभर मीठ सांडावं तसे ११ पांढरे ठिपके, जेमतेम ८ मिलिमीटरच्या जागेत. कॅल्शियमचे कण ते. आमच्या बोलण्यात ते 'दाणे'.

तीन आठवड्यांपूर्वी मीच त्यांची बायोप्सी केली होती. रिपोर्ट आला डीसीआयएस, म्हणजे दुधाच्या नळीच्या आतच असलेला, भिंत ओलांडून बाहेर न पडलेला कॅन्सर. बायोप्सीच्या सुईतून ५ दाणे निघून आले होते, ६ आत उरले होते. कधी कधी सगळेच दाणे निघून जातात आणि मग सर्जनला जागाच सापडत नाही. म्हणून बायोप्सी संपताना तिथं तिळाएवढी टायटॅनियमची क्लिप सोडून यायची असते. तशी ती सोडली होती.

"ताई, मी आत एक बारीक तार ठेवते. तिच्या टोकाला आकडा असतो, तो आत अडकून बसतो. डॉक्टर तारेच्या मागोमाग जातात आणि तिथला भाग काढतात."

"विहिरीत गळ टाकावा तसं?"

"तसंच."

ही आकड्याची तार तशी जुनी. १९७६ साली ती पहिल्यांदा छापून आली, १९८० मध्ये डॅनियल कोपन्स यांनी तिच्यात सुधारणा केली आणि अजून तीच पद्धत चालू आहे. त्याआधी नुसती सरळ सुई टोचून पेशंटला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवत, आणि ट्रॉलीवरून हलवताना ती सुई सरकायची. आता तारेऐवजी खुणेसाठी आयोडीन-१२५ ची, म्हणजे किरणोत्सर्गी, किंवा चुंबकीय बारीक बी काही दिवस आधीच ठेवता येते, त्यामुळे ऑपरेशनच्या सकाळची ही धावपळ वाचते. आमच्याकडे मात्र तारच.

तार टाकायची प्लेट वेगळी असते. मधोमध चौकोनी खिडकी, एका कडेला अक्षरं, दुसऱ्या कडेला आकडे. स्तन या प्लेटखाली वरून दाबायचा, फोटो घ्यायचा आणि नकाशात गाव शोधावं तसं अक्षर-आकडा जुळवून बरोबर ती जागा धरायची. बायोप्सीही वरूनच झाली होती, म्हणून मी तीच वाट धरली. फोटोत क्लिप लख्ख दिसत होती आणि तिच्या अंगाला चिकटून दाणे. लोकल, म्हणजे त्या जागेपुरती भूल दिली. ताईंनी डोळे मिटून घेतले.

यातलं मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे सुईची सावली जुळवणं. मशीनचा दिवा वरून पडतो. सुई जराही कलली की तिची लांबट सावली कातडीवर पडते. ती सरळ करत न्यायची. शेवटी सावली सुईच्या डोक्याखाली गडप होते आणि कातडीवर फक्त एक काळा ठिपका उरतो. मग समजायचं की सुई एक्स-रेच्या रेषेत आहे आणि निर्धास्त खाली जायचं. किती खोल, ते या फोटोत कळत नाही, म्हणून मुद्दाम थोडं जास्तच खोल जायचं. नंतर दाब सोडायचा, मशीन फिरवायचं, आता बाजूनं दाबायचं आणि सुई आत असतानाच दुसरा फोटो घ्यायचा. खोली त्यात कळते.

दुसरा फोटो स्क्रीनवर आला. सुईचं टोक क्लिपच्या ८ मिलिमीटर पुढं. अगदी हवं तसं. मी तारेचं पाकीट हातात घेतलं.

"मॅडम, दाणे कुठंयत?"

आमच्या टेक्निशियनबाई. या खोलीत त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वर्षं काढली आहेत. त्या शक्यतो बोलत नाहीत, बोलल्या तर ऐकायचं असतं.

"क्लिपपाशी," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण पाहिले नव्हते. मला क्लिप दिसली होती आणि डोळ्यांनी तिथंच दुकान बंद केलं होतं. मी फोटो मोठा केला. क्लिपपाशी काहीही नव्हतं. सुईच्या रेषेवरून वर वर गेले. तिथं, सुईच्या कडेला, अर्धवट तिच्या सावलीत, दाणे होते. मोजपट्टी लावली. क्लिपपासून २२ मिलिमीटर वर.

बायोप्सीच्या वेळी स्तन दाबून चपटा केलेला असतो. क्लिप सोडताना ती जागेवरच असते. मग दाब काढला की स्तन भाता उघडल्यासारखा फुलतो आणि क्लिप कधी कधी सुईच्या वाटेनं वर किंवा खाली सरकते. वरून पाहिलं तर काही कळत नाही, कारण दोन्ही एकाच रेषेत, एकावर एक. बाजूनं पाहिलं तरच कळतं. हे मला पाठ आहे. शिकणाऱ्या मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवते.

मग माझ्या रिपोर्टमध्ये 'क्लिप योग्य जागी' असं का होतं? मी जुने फोटो उघडले. बायोप्सीनंतरचा फोटो एकच, वरून घेतलेला. त्या दिवशी ताईंना शेवटी भोवळ आली होती. त्यांना आडवं केलं, पाय वर केले, आणि दुसरा व्ह्यू राहून गेला. राहिला ते एक वेळ ठीक, पण मी तो घेतल्यासारखा रिपोर्ट लिहिला होता. त्याखाली सही माझीच.

तार अजून पाकिटात होती, एवढंच नशीब. या तारेचा आकडा एकदा उघडला की ती मागं ओढता येत नाही. ती तिथं बसली असती, तर सर्जननं टोकाभोवतीचा भाग नीट काढला असता, क्लिप हातात आली असती आणि दाणे कापलेल्या कडेवर किंवा चक्क आत राहिले असते.

"काही चुकलं का हो?" ताईंनी मान न हलवता विचारलं. गाल मशीनला टेकलेला, स्तन प्लेटमध्ये, त्यात सुई.

"जागा थोडी वर आहे ताई. सुई मागं घेते. दुखणार नाही, ओढल्यासारखं वाटेल."

२० मिलिमीटर मागं. पुन्हा फोटो. टोक दाण्यांच्या १ सेंटिमीटर पुढं. तारेवरची खूण सुईच्या तोंडाशी येईपर्यंत तार आत सरकवली, तार तशीच धरून ठेवली, सुई अलगद बाहेर काढली. तार बाहेर जिथं निघते तिथं ती वळवून पट्टी लावली. टेक्निशियनबाईंनी आपणहून दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. मी काही बोलले नाही.

मग सर्जनला फोन. वर्षानुवर्षं एकत्र काम करतो आम्ही, तरी तो फोन लावायला मला दोन मिनिटं लागली.

"तार दाण्यांवर आहे. क्लिप सरकलीय, २२ मिलिमीटर खाली. बायोप्सीच्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"बरं. मग क्लिप काढायची की राहू दे?"

"राहू दे. तिच्यासाठी चांगला भाग कशाला कापायचा?"

"मग काढलेल्या तुकड्यात क्लिप शोधत बसू नका म्हणजे झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

पावणेबाराला ओटीतून डबी आली. आत काढलेला तुकडा, तारेसकट. वरच्या बाजूला आखूड टाका, बाहेरच्या बाजूला लांब टाका, म्हणजे कोणती बाजू कुठली ते कळावं. तिकडं ताई भुलीखाली, जखम उघडी, सर्जन हात धुऊन फोनजवळ. तुकड्याचा फोटो घेतला, मोठा केला, मोजले. पाच.

पुन्हा मोजले. पाचच.

पेन्सिलचं टोक एकेका दाण्यावर ठेवत तिसऱ्यांदा मोजले. टेक्निशियनबाई माझ्या खांद्यामागून पाहत होत्या. त्यांनी काही न विचारता हातमोजे घातले, डबी उघडली, तुकडा ९० अंशात वळवला आणि बटण दाबलं. सहावा दाणा तिसऱ्याच्या मागं लपून बसला होता. कडेपासून चांगला लांब.

"सगळे आले," मी फोनवर सांगितलं. "टाके घाला."

दुपारी मी तीन आठवड्यांपूर्वीच्या रिपोर्टला पुरवणी जोडली. आपल्याच रिपोर्टखाली दुरुस्ती लिहिताना वाक्य गुळगुळीत करायचा मोह होतो. 'फेरतपासणीत असे आढळले की' वगैरे. ते खोडलं. 'बायोप्सीनंतर बाजूचा व्ह्यू घेतलेला नव्हता. क्लिपच्या जागेबाबत आधीचा उल्लेख चुकीचा आहे,' असं लिहिलं आणि सही केली.

दहा दिवसांनी ताई पॅथॉलॉजीचा रिपोर्ट घेऊन आल्या. कडा मोकळ्या होत्या, म्हणजे कापलेल्या कडांवर कॅन्सर नव्हता. पुढच्या रेडिएशनचं सर्जन समजावणार होती, माझ्याकडे त्या नुसत्या भेटायला आल्या होत्या. मी त्यांना क्लिपचं सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ती आतच आहे?"

"आहे. तिचा त्रास काही नाही. पण पुढं कुठंही मॅमोग्राम केलात तर ती दिसणार, आणि बघणाऱ्याला वाटणार की रोग तिथं होता."

"मग लिहून द्या की मला. मी कुठं कुठं सांगत बसू?"

मी कागद ओढला. त्यांनी तो हातात घेऊन वाचला आणि परत माझ्यापुढं ठेवला.

"२२ मिलिमीटर खाली, हे बरोबर. पण कशाच्या खाली, ते लिहिलंच नाहीत तुम्ही."